गावठी औषधाने जंत खरंच मरतो का, हे तपासायचं कसं

गोव्यात सत्तरीत, पेडण्यात, डिचोलीत कुठल्याही घरात गेलात तर एक तरी आजी भेटेल जी पोरांना महिन्यातून एकदा अनशापोटी किराईताचा काढा पाजते, आणि "जंत पडतात बघ" असं ठामपणे सांगते. कोणी वावडिंगाची पूड मधातून देतं, कोणी पपईच्या बिया वाळवून, कोणी पळसाची बी. दरवर्षी शेवटच्या वर्षाला आलेली दोन-तीन पोरं माझ्याकडे येतात, की सर आमच्या आजीचं औषध टेस्ट करायचंय. मला हे फार आवडतं, कारण प्रश्न खरा आहे आणि तो आपल्या घरातून आलेला आहे. पण दर वेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय, ज्यांना कॉलेजच्या लॅबमध्ये हे काम करायचंय त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट. हे तपासणं म्हणजे घरी काढा करून पोराला पाजून बघणं नव्हे. माणसावर, त्यातून लहान मुलांवर, असलं काही करायचं नाही म्हणजे नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत जी जंताची गोळी देतात, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम (१ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी), ती चालूच ठेवायची, तुमच्या प्रोजेक्टचा रिझल्ट काहीही येवो. आणि "झाडपाला आहे, त्याने काय होतंय" हे डोक्यातून काढून टाका. चेनोपोडियम नावाच्या झाडाचं तेल शंभर वर्षांपूर्वी हूकवर्मवर (आतड्यातल्या अंकुशकृमीवर) डॉक्टर लोक सर्रास द्यायचे, जंत पडायचेही, पण डोस जरा जास्त झाला की माणूसच दगावायचा, म्हणून ते बंद पडलं. सुपारीतलं अरेकोलिन कुत्र्यांच्या पट्टकृमीवर वापरत होते, आणि तीच सुपारी आज कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. जे जंताला मारतं ते आपल्यालाही बाधू शकतं.

दुसऱ्या बाजूने, हे सगळं थोतांड असंही समजू नका. २०१५ चं नोबेल आठवा, अर्धं आर्टेमिसिनिनसाठी तू योयो यांना मिळालं, ते झाडातूनच आलं (मलेरियासाठी), आणि उरलेलं अर्धं कॅम्पबेल आणि ओमुरा यांना आयव्हरमेक्टिनसाठी, ते मातीतल्या जिवाणूपासून, आणि ते तर जंतांसाठीच. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन, डाळिंबाच्या मुळाच्या सालीतलं पेलेटिएरिन, वावडिंगातलं एम्बेलिन, पळसाच्या बीमधलं पॅलासोनिन, ही सगळी जुन्या लोकांना माहीत असलेल्या झाडांतूनच वेगळी काढलेली आहेत. म्हणजे आजीचं म्हणणं तपासण्यालायक नक्कीच आहे. तपासायचं मात्र नीट, आणि नीट म्हणजे काय, तर प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: जंत मेला ठीक, पण तो नक्की कशाने मेला?

सुरुवात झाडापासून. आपल्याकडे किराईत म्हणतात ते अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, पावसानंतर बांधावर, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला उगवतं, पानं चघळली तर कडूपणा तासभर जात नाही. पण गांध्याच्या (जडीबुटी विकणाऱ्याच्या) दुकानात जाऊन नुसतं "चिराईत द्या" म्हणालात तर तो काडेचिराईत देईल, ते स्वर्शिया, हिमालयातलं, झाड वेगळं, घराणंही वेगळं. कुड्याचंही तेच, पांढरा कुडा म्हणजे होलऱ्हेना आणि काळा कुडा म्हणजे रायटिया, शेंगा लटकलेल्या लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. वावडिंगात तर भेसळ इतकी, की बाजारातून आणलेलं पाकीट एम्बेलिया रायबीसच आहे असं धरून चालूच नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलंत तरी हरकत नाही, पण ओळख पटवून घ्यायची. सगळ्यात बरं म्हणजे आजीलाच घेऊन जायचं, ती जिथून तोडते तिथूनच तोडायचं, फूल किंवा फळ असलेली फांदी कागदात दाबून हर्बेरियम शीट करायची, आणि गोवा विद्यापीठातल्या बॉटनीवाल्यांकडून किंवा आपल्याच कॉलेजच्या बॉटनीच्या मॅडमकडून नाव पक्कं करून घ्यायचं. शीटवर तारीख, गाव, कोणता भाग, फुलोऱ्यात होतं की नाही, सगळं लिहा. म्हादई, नेत्रावळी, मोले यांसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानालाही हात लावायचा नाही.

आता वाळवणं. पुस्तकात लिहिलेलं असतं "सावलीत वाळवा". ते लिहिणारा जुलैमध्ये गोव्यात आलेला नसतो. आपल्या पावसात सावलीत ठेवलेला पाला चौथ्या दिवशी बुरसटतो, वरून दिसत नाही पण देठाजवळ पांढरी लव येते, वास कुबट होतो. बुरशीची स्वतःची विषं असतात, मग जंत पाल्याने मेला की बुरशीने, कोणाला कळणार? म्हणून ४० डिग्रीच्या ओव्हनमध्ये पातळ पसरून वाळवायचं, पान हातात चुरचुर मोडलं की झालं, लगेच दळून हवाबंद बाटलीत भरायचं. बुरसलेलं सॅम्पल फेकून द्या, हळहळू नका.

अर्क काढताना दोन प्रकार करा. एक, आजी करते तसाच काढा, ती जितकं पाणी घेते तितकंच, आटवून जितका उरवते तितकाच, कारण दावा त्या काढ्याचा आहे. दोन, लॅबचा ७० टक्के इथेनॉलचा अर्क: ५० ग्रॅम पूड, ५०० मिली द्रावण, तीन दिवस अधूनमधून हलवत ठेवायचं, फिल्टर पेपरमधून गाळायचं, आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४५ डिग्रीच्या आत आटवायचं. उरलेला चिकट गोळा वजन करा, किती ग्रॅम पुडीतून किती ग्रॅम अर्क आला ते लिहून ठेवा, हा आकडा पुढे फार कामाला येणार आहे. फ्रीजमध्ये ठेवा. आणि काही घरांत मुळं फेणीत भिजवून ठेवतात, तसलं औषध तपासायचं असेल तर नुसती फेणी हाही एक वेगळा गट ठेवावाच लागेल, तेवढीच, त्याच बाटलीतली.

मग जंत कुठला घ्यायचा? बहुतेक प्रोजेक्ट गांडुळावर होतात. गांडूळ स्वस्त, सहज मिळतं, परवानगीची भानगड नाही, आणि "गांडूळ आणि आतड्यातला जंत रचनेने सारखे" हे वाक्य एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. गांडूळ हा वलयी प्राणी, तो ओल्या कातडीतून श्वास घेतो, त्याला जंतासारखं जाड टणक आवरण नाही, त्यामुळे मीठ, आंबट, स्पिरिट, कशानेही मरतो. हात बसायला, घड्याळ लावून रीडिंग घ्यायची सवय व्हायला गांडूळ ठीक, पण त्यावरून "कृमिनाशक गुणधर्म सिद्ध" असं लिहू नका. सोय असेल तर सी. एलेगन्स चांगला, मिलिमीटरभर लांब, रोग न करणारा पण खरा गोलकृमी, अगरच्या प्लेटवर ओपी५० नावाच्या ई. कोलाय जिवाणूवर पोसता येतो. डुकराचा अस्कारिस माणसाच्या जंताच्या फार जवळचा आहे, पण त्याची ॲलर्जी भयंकर येते, नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात योग्य म्हणजे बकरीतला हिमाँकस कॉन्टॉर्टस. पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो, रक्त पितो, बकरी पांढरीफटक पडते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. मादी अगदी ओळखू येते, रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पिळ्यासारखी पांढरी गर्भाशयं, लाल-पांढरी दोरी वळल्यासारखी. पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त सापडतात. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, पहाटे बकरा कापला की चौथा कप्पा दोन्ही टोकांना सुतळीने बांधून द्यायला, नाहीतर सगळं वाहून जातं. तिथून कोमट पीबीएस (जंत जगवायचं खारट बफर द्रावण) भरलेला थर्मास घेऊन थेट लॅब गाठायची, ३७-३८ डिग्री टिकली पाहिजे. ट्रेमध्ये कप्पा कापून उघडायचा, ग्लोव्हज घालून, आणि मऊ ब्रशने किंवा बोथट चिमट्याने एकेक जंत अलगद उचलायचा. जो सुस्त आहे, तुटलाय, तो घ्यायचा नाही. एका नळीत १०, अशा प्रत्येक डोसला किमान तीन नळ्या, आणि हा सगळा खेळ तीन वेगवेगळ्या दिवशी, कारण एकाच बकऱ्याचे जंत म्हणजे एकच नमुना.

डोस १० मिलिग्रॅम प्रति मिलीपासून सुरू करून निम्मे निम्मे खाली या: ५, २.५, १.२५. आणि आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, झाडाचा अर्क नसलेल्या नळ्या, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

आमच्या पहिल्याच बॅचला चार झाडं होती. चारही झाडांच्या अर्कात जंत दोन तासांच्या आत गप्प, आणि साध्या पीबीएसमधले मजेत वळवळतायत. पोरं इतकी खूश झाली, एकीने तर लगेच घरी फोन लावला. मला मात्र खटकलं, की चार वेगवेगळी झाडं, एक कडू, एक तुरट, एक तिखट, आणि चौघांची वेळ जवळजवळ एकसारखी कशी? वही काढून बघितली तर अर्क पाण्यात विरघळेना म्हणून आम्ही डीएमएसओ (विरघळवणारं रसायन, म्हणजे सॉल्व्हंट) घातलं होतं, शंभरात दहा भाग, आणि कंट्रोलच्या नळीत ते घातलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत जंत आणले, नुसतं दहा टक्के डीएमएसओ घातलं, तेही गप्प झाले. म्हणजे आम्ही झाडं तपासलीच नव्हती, सॉल्व्हंट तपासलं होतं. तीन आठवड्यांचं काम गेलं, पोरीचं तोंड एवढंसं झालं, पण मी तिला सांगितलं की हे पान फाडायचं नाही, रिपोर्टमध्ये जसंच्या तसं लिहायचं. तेव्हापासून नियम: डीएमएसओ एक टक्क्याच्या वर नाही, आणि अर्काच्या नळीत जे जे आहे ते सगळं, फक्त झाड वगळून, कंट्रोलच्या नळीत असलंच पाहिजे.

याच जातीतला दुसरा सापळा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप. भिरंड (कोकम), चिंच, कैरी असलं आंबट काही घेतलंत तर जंत आंबटाने मरतो. प्रत्येक द्रावणाचा पीएच मोजा, ७.२ ते ७.४ च्या आसपास आणा, मग बघा काय होतंय. तिसरा, रंग. किराईताचा दाट अर्क इतका काळपट हिरवा असतो की आतला जंत हलतोय की नाही दिसत नाही, मग माणूस "हलत नाही" असं लिहून मोकळा होतो. वेळ झाली की जंत बाहेर काढून स्वच्छ कोमट पीबीएसमध्ये ठेवून बघायचा.

हे बाहेर काढणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. निपचित पडलेला जंत मेलेलाच असतो असं नाही. पिपराझिन नावाचं जुनं औषध जंताला ढिला पाडतं, मारत नाही, तो सैल झाला की पोटाच्या हालचालीने बाहेर ढकलला जातो. म्हणून अर्कातून काढलेला जंत अर्धा तास ताज्या कोमट पीबीएसमध्ये ठेवा, सुईच्या टोकाने हलकेच डिवचा, परत हलला तर "लकवा", नाही हलला तर "मेला". दोन्ही कॉलम वेगळे ठेवा.

औषधाचा कंट्रोलही विचार करून निवडा. सगळे डोळे झाकून अल्बेंडाझोल घेतात. पण अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, ते सावकाश मारणारं औषध आहे, शिवाय पाण्यात धड विरघळतही नाही, आणि शरीरात लिव्हरमध्ये त्याचं खरं काम करणारं रूप तयार होतं. नळीत तीन तासांत ते काही दाखवणार नाही, मग "आमच्या झाडाने अल्बेंडाझोलला मागे टाकलं" अशी बातमी तयार. हालचाल बघायची असेल तर लेव्हामिसोल घ्या, ते स्नायूंनाच आखडवतं, मिनिटांत कळतं. अल्बेंडाझोलच्या घराण्याची औषधं अंड्यांच्या टेस्टला ठेवा.

मोजणाऱ्याला कुठल्या नळीत काय आहे ते कळता कामा नये. नळ्यांवर नुसते आकडे, यादी तिसऱ्याच माणसाच्या खिशात. आपल्या आजीचं औषध असलं की डोळा आपोआप तिच्या बाजूने झुकतो, यात कोणाचा अप्रामाणिकपणा नाही, माणसाचं असंच होतं.

कंट्रोलमध्येही थोडे जंत मरतातच, ते वजा करायचं जुनं सूत्र ॲबटचं, १९२५ चं. समजा अर्कात १०० पैकी ५५ मेले आणि कंट्रोलमध्ये १०, तर ५५ वजा १० म्हणजे ४५, भागिले ९०, म्हणजे खरा परिणाम ५० टक्के. कंट्रोलमध्येच २० टक्क्यांच्या वर मेले तर त्या दिवसाचं सगळं रद्द, परत जंत आणा.

अंड्यांची टेस्ट थोडी किचकट पण जास्त विश्वासाची. ताज्या लेंड्या, शक्यतो तीन तासांच्या आतल्या, कारण आत पिल्लू धरायला लागलं की अंडं औषधाला दाद देत नाही. खलात कोमट पाण्यात कालवायच्या, एकापेक्षा एक बारीक चाळण्यांतून गाळायच्या, मिठाच्या संपृक्त पाण्यावर अंडी तरंगवून घ्यायची आणि लगेच धुवायची. टेस्ट प्लेटच्या प्रत्येक खाच्यात साधारण शंभर अंडी, २७ डिग्रीला ४८ तास, मग लुगॉल आयोडिनचा थेंब टाकून काम थांबवायचं, आणि फुटलेली किती, न फुटलेली किती ते मोजायचं. इथेही तेच सॉल्व्हंट कंट्रोल, तेच पीएच.

नळीत चांगला रिझल्ट आला की सगळ्यांना बकरीवर उडी मारायची असते. थांबा, आणि तो अर्काचा आकडा काढा. समजा नळीत १० मिलिग्रॅम प्रति मिलीला जंत मेला. बकरीच्या पहिल्या पोटात १० लिटर तरी माल धरा, म्हणजे तेवढी तीव्रता गाठायला १०० ग्रॅम अर्क लागला. तुमचा अर्क पुडीच्या १० टक्के निघत असेल तर एक किलो वाळका पाला, एका बकरीला, एका वेळी. तोही पोटातल्या जिवाणूंनी अर्धामुर्धा खाऊन टाकल्यावर चौथ्या कप्प्यापर्यंत किती पोचेल देव जाणे. म्हणून १० मिलिग्रॅमलाच काम करणारं झाड मला फारसं आशेचं वाटत नाही, एक मिलिग्रॅमच्या खाली काम करणारं वाटतं.

बकरीवर जायचंच असेल तर कॉलेजच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी आधी, १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्याखाली ते बंधनकारक आहे, आणि सोबत जनावरांचा डॉक्टर पाहिजेच. धनगर वस्तीवरच्या बकऱ्या म्हणजे त्या माणसाचं बँक खातं आहे, एक जरी दगावली तर आपण कोणत्या तोंडाने जाणार. गटात किमान १० बकऱ्या, वजन आणि अंड्यांची संख्या बघून सारख्या वाटलेल्या: एक गट झाडाचा, एक औषधाचा, एक नुसत्या पाण्याचा. लेंड्या जमिनीवरून उचलायच्या नाहीत, ग्लोव्हजच्या बोटाने थेट काढायच्या. दोन ग्रॅम लेंड्या, २८ मिली मिठाचं पाणी (आगरवाड्याचं जाडं मीठ चालतं, फक्त विरघळवून गाळून घ्या, तळाशी मीठ शिल्लक राहीपर्यंत घालत जायचं), गाळून मॅकमास्टर स्लाइडच्या (अंडी मोजायच्या खास काचपट्टीच्या) दोन्ही कप्प्यांत भरायचं, पाच मिनिटं थांबायचं, मोजायचं, आणि दोन्ही कप्प्यांच्या बेरजेला ५० ने गुणायचं. म्हणजे एका ग्रॅममध्ये किती अंडी ते आलं.

औषध दिल्यावर १० ते १४ दिवसांनी परत मोजायचं. आणि तुलना आधीच्या-नंतरच्या आकड्याशी नाही, पाण्याच्या गटाशी करायची, कारण चारा बदलला, पाऊस थांबला, तरी अंडी आपोआप कमी होतात. पाण्याच्या गटाची सरासरी १२०० आली आणि झाडाच्या गटाची ४५०, तर घट साडेबासष्ट टक्के. चालणाऱ्या औषधाकडून ९५ टक्क्यांची अपेक्षा असते. साडेबासष्ट वाईट नाही, पण "रामबाण" हा शब्द त्याला लावता येत नाही. अंड्यांसोबत बकरीचं वजन, खाणं, हगवण, आणि खालच्या पापणीचा रंग रोज बघा, पापणी फिकी पडत चालली तर प्रयोग सोडून तिला लगेच खरं औषध द्या.

शेवटी रिझल्ट घेऊन आजीकडे जा. खरंच जा, हे बहुतेक कोणी करत नाही. तिने दिलेली माहिती तिची आहे, तिला विचारून पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत घाला, तिच्या आणि गावाच्या नावाने, २००२ च्या कायद्यात त्याची सोय आहे. झाड चाललं नाही तर तेही तिला सांगा, नीट बसून. आमच्या त्या मुलीने सांगितलं, की आजी, नुसत्या काढ्यात जंत मेला नाही, परत करून बघणार आहे. आजीने विचारलं, कुठल्या महिन्यातला पाला घेतलास? जुलैमधला, फुलावर यायच्या आधीचा. ती म्हणाली, मी तर फूल आल्यावरच तोडते. हे आम्ही तिला विचारलंच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ती दोघं परत बांधावर गेली, फुलोऱ्यातलं किराईत तोडलं, आणि नवीन शीटवर तारीख घालून पहिल्यापासून सुरुवात केली.